इंजिनाचं पिंप

वन्सं,

तुमचं गोडाचं जेवण होऊन चार दिवस झाले. पाहुणे गेले, उसन्या आणलेल्या सतरंज्या परत गेल्या आणि आज पहिल्यांदा घरात इतकी शांतता आहे की तुमच्याशी नीट भांडता येईल.

भांडणच राहिलंय आपलं. रडून झालं. तुम्ही गेलात त्या दुपारी मी किती रडले ते तुम्हाला कळलं असतं तर म्हणाला असतात, "पुरं आता वहिनी, पाणी वाया घालवू नका." या घरात पाण्यावरून सगळ्यांना बोलण्याचा मान माझा. तो माझ्यावर उलटवायची संधी तुम्ही सोडली नसतीत.

चौदा दिवस लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या वर्गावर तुम्ही एकट्याच बाई, तुमच्या हाताखालून शिकून गेलेल्यांची किती गॅरेजं निघाली, लग्न केलं नाहीत पण भावाच्या घराला खांदा दिलात. सगळं खरं. पण मागच्या अंगणात तुमच्याच जुन्या गोधडीखाली उभ्या असलेल्या बोटीच्या इंजिनाबद्दल एकजणही बोलला नाही. मी चहाचे कप घेऊन येता-जाता तिकडे बघायचे. सात तास चाललेलं नवं इंजिन. तीन तास राहिलेलं.

नवं इंजिन पहिले दहा तास सांभाळून चालवायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत. पहिला तास अगदी हळू, दुसरा त्याहून जरासा वर, मग पुढचे आठ तास वेग सारखा बदलत राहायचा, पूर्ण जोर द्यायचा तो घटकाभरच. "नवी सून आहे म्हणा," तुम्ही म्हणालात. "आल्या आल्या ओरडायचं नाही. एकाच कामाला जुंपायचं नाही. घरात रुळू द्यायचं."

मी म्हटलं, "मला कुणी दिले होते हो दहा तास?"

"म्हणून तर तुमचा आवाज असा झालाय, वहिनी."

पंधरा दिवस हे वाक्य मनात येतं आणि मी हसते, मग हसल्याची लाज वाटते. आता लाजही सोडली.

गेल्या वर्षी हे इंजिन घरात आलं त्या दिवशी मी तुमच्याशी बोलत नव्हते. क्रांती चौकातून रिक्षात मांडीवर खोकं धरून तुम्ही आलात, चौसष्टाव्या वर्षी, चेहरा असा की बाळंतपणाहून आल्यात. जायकवाडी धरणाच्या फुगवट्यापलीकडे, गंगापूरकडच्या आपल्या उरलेल्या शेतात तुमची साठ मोसंबीची झाडं. आंबे बहाराची फळं उतरायला येतात नेमकी तेव्हाच धरण भरतं आणि पायवाट पाण्याखाली जाते. वळसा घालून गेलं तर शेवटी चिखल, जीप पुढे जात नाही. वल्ह्याच्या होडीतून सोडणारे आजोबा थकले आणि म्हणाले, ताई, आता खांदं नाय ऐकत. दुसरं कुणी असतं तर झाडं विकून मोकळं झालं असतं. तुम्ही फायबरची होडी घेतलीत आणि तिला हे इंजिन.

त्याला मी राजी नव्हते, पण त्यावर मी भांडले नाही. मी भांडले पिंपावरून.

आपल्या शहरात नळाला पाणी कधी येतं हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आठ दिवसांनी आलं तर आम्ही म्हणतो, वेळेवर आलं. माझं आयुष्य त्या पाळीभोवती गेलं. लग्नं, बारशी, तुमच्या दादांचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं मी पाण्याची पाळी बघून ठरवलं. आणि तुम्ही एक दिवस येऊन म्हणालात, इंजिन धरणातून आलं की दर वेळी दहा मिनिटं स्वच्छ पाण्यात चालवावं लागेल, आतला गाळ आणि शेवाळ धुऊन निघायला हवं, त्यासाठी एक निळं पिंप काठोकाठ भरून लागेल.

"काठोकाठ?"

"काठोकाठ. इंजिन खालून पाणी ओढतं आणि त्यानंच गार राहतं. वर ही बारीक धार येते ना, ती आली म्हणजे समजायचं की पोटात पाणी खेळतंय. धार नाय तर इंजिन नाय."

"वन्सं, माणसांना आंघोळीला तांब्या मोजून देते मी. आणि तुमच्या यंत्राला पिंप?"

"पाणी तिथलंच आहे. जायकवाडीतून पाईपानं आलं, माझ्या इंजिनातून गेलं. बिघडलं कुठं?"

तीन दिवस चाललं ते. शेवटी तह झाला. निळं पिंप तुमचं, बाकी सगळी भांडी माझी. तुमच्या पिंपाला मी हात लावायचा नाही, माझ्या टाकीला तुम्ही. तुम्ही पिंपाच्या मागच्या भिंतीकडच्या काठावर फळी आवळलीत, तिच्यावर इंजिन अडकवलंत, आणि तेच पाणी दर खेपेला परत वापरू म्हणून वर पातळ फडकं बांधलंत. मी दारातून बघत होते. मनात म्हटलं, एवढी माया या बाईनं कधी कुणा माणसावर केली नाही. हे मी खोटं म्हटलं होतं. त्याच महिन्यात मला ताप आला होता तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलणारी बाई तुम्हीच होतात.

आता ते सांगते जे सांगायचं राहिलं.

तुम्ही इंजिनाचे चार तास पूर्ण करून शेतावरून आलात आणि सकाळी धुवू म्हणून ते पिंपावर अडकवून ठेवलंत. सकाळी तुम्हाला पेन्शनच्या कामाला जावं लागलं. तुम्ही बाहेर, आणि माझ्या माहेरचे सातजण न कळवता दारात. नळाची पाळी चुकलेली. अंगण, मोरी, संडास, सगळं धुवायचं होतं, आणि माझ्या टाकीत तळाला हातभर पाणी. मी तुमच्या पिंपातून चार बादल्या काढल्या. मोजून चार. पेट्रोलचा वास होता म्हणून स्वयंपाकाला नाही, फक्त धुवायला. संध्याकाळी पाळी आली की भरून टाकू, वन्संना कळणारही नाही, असा हिशेब केला. पाळी आली नाही. तुम्ही आलात.

दिवेलागणीची वेळ होती. तुम्ही चपलासुद्धा न काढता मागे गेलात, फडकं सारलंत आणि दोरी ओढलीत. मी पाहुण्यांना पोहे वाढत होते. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि माझ्या हातातला झारा तसाच राहिला. धावत यावं, ओरडावं, "वन्सं, बंद करा", हे सगळं मला सुचलं. पण समोर भाऊ, भावजय, आणि मी चोर. मी अर्धा मिनिट गप्प बसले. मग रबर जळाल्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत आला आणि तुम्हीच बंद केलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लतीफभाईंना बोलावलंत. तुमच्याच वर्गातून शिकून गेलेले, आता दाढी पांढरी झालेली, तरी तुमच्यासमोर उकिडवे बसतात. त्यांनी खालचा भाग उघडला, पाणी ओढणारं रबराचं चाक बाहेर काढलं. पाकळ्या करपलेल्या. ते माझ्याकडे नाही, तुमच्याकडे बघून म्हणाले, "आपा, सुक्का चलाए क्या इसकू? पानीच नै था इसमें."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "माझंच चुकलं. बघितलं नाय मी."

"लो! चालीस साल हमकू डांटे, पहले देखो फिर हात लगाओ बोलके. आज आपाच पकडे गए!"

ते हसले. तुम्हीही हसलात. मी चहा आणून ठेवला आणि साखर बरोबर आहे का विचारलं. एवढंच मी विचारलं, वन्सं. नवं चाक बसलं, इंजिन वाचलं, पण त्यानंतर महिनाभर तुम्ही दोरी ओढायच्या आधी दोनदा वाकून बघायचात. ज्या बाईनं आयुष्यभर डोळे मिटून नटाचा आकडा सांगितला, तिचा स्वतःवरचा विश्वास माझ्या चार बादल्यांनी हलवला. मी बघत होते आणि बोलत नव्हते. आज बोलते. पाणी मी काढलं होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही पिंपाच्या आत लाल ऑइलपेंटची एक रेघ मारलीत. मला वाटलं, असेल काही मापाचं. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत.

उलट तुम्ही माझ्या मागे लागलात. "वहिनी, पुढच्या खेपेला तुम्ही चालवायचं."

"मी? मला स्कूटर येत नाही."

"स्कूटरला तोल लागतो. ह्याला नुसतं लक्ष लागतं. ते तुमच्यात लई आहे, नुसतं पाण्यावर खर्च होतंय."

तीन खेपांना मी तुमच्याबरोबर आले खरी. गंगापूरच्या शेअर जीपमध्ये तुम्ही इंजिनाला गोधडी गुंडाळून उभं बसवायचात, आडवं टाकू द्यायचा नाहीत, आणि ड्रायव्हर कुरकुरला की म्हणायचात, "त्याची सीट धर ना बाबा, म्हातारी आहे असं समज." होडीत मी पुढे बसून मोसंबी भरलेल्या प्लास्टिकच्या जाळ्या धरायचे. पण होडी वळवायच्या दांड्याला हात लावला नाही. लाल गुंडाळीची ती सुरक्षेची दोरी, चालवणारा पडला तर इंजिन आपोआप बंद करणारी, ती तुम्ही माझ्या मनगटाकडे न्यायचात आणि मी हात पदराखाली घ्यायचे. खरं सांगू? मला वाटायचं, ह्या इंजिनाला मी एकदा मारायला निघाले होते. ते मला ओळखेल.

शेवटच्या दिवशी सकाळी पण तेच. तुम्ही म्हणालात, "घरात इंजिन एकालाच येऊन चालत नाही, वहिनी. मी काय अमरपट्टा घेऊन आलेय?" आणि मी म्हटलं, "सकाळी सकाळी अभद्र बोलू नका. तुम्ही आहात ना, तुम्हीच चालवा." तुम्ही काहीतरी उत्तर देणार होतात. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी आत गेले. दुपारी तुम्ही झोपलात त्या उठलाच नाहीत. ते उत्तर काय होतं, वन्सं? जे असेल ते मला मान्य आहे, पण ऐकायचं होतं.

गोडजेवणाच्या संध्याकाळी तुमचे दादा म्हणाले, "रविवारी गिऱ्हाईक येतंय. इंजिन आणि होडी देऊन टाकू. झाडंही देऊ, कुणी घेतलं तर." त्यांच्यावर चिडू नका. तुम्ही गेल्यापासून ते मागच्या अंगणाचं दार उघडत नाहीत. बहिणीची वस्तू डोळ्यांसमोर नको, एवढंच त्यांचं म्हणणं. मी मान हलवली. पंधरा दिवसांत मला मान हलवायची सवय लागली होती.

आणि परवा सकाळी पलीकडून दगडूमामांचा फोन आला. चाळीस वर्षं तुमची बाग राखणारा माणूस, त्यांना मी काय सांगणार?

"वयनी, पाणी लई चढलं. पायवाट गेली बघा. फळ पिवळं पडाया लागलंय, दोन-चार दिसांत गळंल. कोण येतंय?"

मी कॅलेंडरवर रविवार बघितला.

"ताई असत्या तर आतापोतर आल्या असत्या," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. नुसतं खरं होतं.

मी म्हटलं, "मी येतेय."

फोन ठेवला आणि मग कळलं मी काय बोलले. यांना सांगितलं, गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा. हे म्हणाले, "तुला जमणार आहे का?" मी म्हटलं, "जमणार नाही. शिकणार आहे." चाळीस वर्षांत मी यांच्याशी इतक्या हळू आवाजात बोलले नव्हते, त्यामुळे असेल, पण त्यांनी वाद घातला नाही. उलट अंगणाचं दार त्यांनी उघडलं. गोधडी आम्ही दोघांनी मिळून काढली.

वन्सं, मी सगळं तुमच्यासारखं केलं. इंजिनाच्या तासांची तुमची वही काढली, तिच्यात जसं लिहिलंय तसं. आधी ऑइल बघितलं, काडी पुसून पुन्हा बघितलं. खालच्या पंख्यामागे मासेमारीच्या जाळ्याचा धागा गुंतलाय का ते बोट फिरवून बघितलं. जीपनं धरणावर नेऊन होडीवर आवळल्यावर दोन्ही स्क्रू हातानं पिळले, मग पुन्हा पिळले. जीवरक्षक जाकीट घातलं, चिखलातून वळसा घालून अलीकडे आलेल्या दगडूमामांनाही घालायला लावलं. ते म्हणाले, "मी ह्या पाण्यात जलमलोय." मी म्हटलं, "वन्संच्या होडीत नाही." हे काठावर दगडावर बसले, गुडघा सरळ करून. लाल दोरी मी माझ्या मनगटात अडकवली, आणि पहिल्यांदा हात पदराखाली गेला नाही.

सुरू करायची दोरी पाच वेळा ओढली. सहाव्याला सुरू झालं. मी आधी मागे वाकून बघितलं ते एकच. धार. मधल्या बोटाएवढी, सरळ, चमकत येणारी. ती दिसली आणि माझे डोळे भरले, पण हात दांड्यावर होता म्हणून पुसता आले नाहीत.

हळू गेले. मग थोडं जोरात, मग परत हळू, एका वेगावर राहिलेच नाही. दगडूमामा म्हणाले, "सरळ चला की वयनी, काय गचके देताय?" मी म्हटलं, "रुळू द्यायचंय तिला." मध्ये एकदा शेवाळाच्या पट्ट्यात धार बारीक झाली. मी लगेच बंद केलं, वर उचललं, पाणी ओढायच्या जाळीवरचं हिरवं बोटानं काढलं. अर्धा मिनिट गप्प बसले नाही या वेळी. सात जाळ्या मोसंबी भरून आणली आणि एक तास पुरा झाला. वहीत लिहिला आहे, तुमच्या सातव्याच्या खाली. आता दोन राहिलेत. ते रविवारी, आणि दांड्याला यांना बसवणार आहे. घरात एकालाच येऊन चालत नाही.

हे सगळं कालचं. घरी यायला संध्याकाळ झाली. हे म्हणाले, धुणं उद्या करू. मी म्हटलं, नाही, गाळ वाळला की घट्ट बसतो. दोघांनी इंजिन भिंतीकडच्या फळीवर चढवलं आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून येऊन फडकं सारून आत बघितलं.

पाणी कमी होतं. चौदा दिवस माणसांनी भरलेलं घर, कुणीतरी हात-पाय धुवायला घेतलं असेल, मी कुणाला बोलणार? आणि समोर ती लाल रेघ. पाण्याच्या वर, उघडी.

वन्सं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुम्ही इंजिन सुरू करायला भिंतीकडे उभ्या राहायचात. तिथून ती रेघ दिसत नाही, फळीच्या आड जाते. मी तिकडे जाऊन, वाकून, दोनदा बघून खात्री केली. दिसत नाही. ती दिसते फक्त स्वयंपाकघराच्या दारातून येणाऱ्या माणसाला. बादली घेऊन येणाऱ्या माणसाला.

तुम्हाला माहीत होतं. लतीफभाईंसमोर "माझंच चुकलं" म्हणालात तेव्हाही माहीत होतं. नंतर कधी एक शब्द काढला नाहीत, टोमणा मारला नाहीत, तुम्ही, ज्या मिठाच्या खड्यावरूनसुद्धा मला टोमणा मारायच्या. नुसती रेघ मारलीत. घ्या लागलं तर, वहिनी, पण इथपर्यंत. आणि पिंपापासून मला लांब ठेवायच्या ऐवजी इंजिन माझ्या हातात द्यायला निघालात.

मी आत गेले. नळाच्या पाळीला अजून तीन दिवस आहेत. टाकीत होतं ते मोजकं, आणि कळशांमध्ये प्यायचं, गाळलेलं, झाकून ठेवलेलं. मी बादली भरली. आणून ओतली. दुसरी ओतली. तिसरीला हे जवळ आले.

"अगं, प्यायचं पाणी आहे ते. इंजिनाच्या पिंपात का ओततेयस?"

चौथ्या बादलीला रेघ बुडाली.

"वन्संचं आहे," मी म्हटलं. "मी घेतलं होतं." आणि दोरी ओढली.